मोठ्या बाईंचं ओझं

ताणकाट्याच्या आकड्याला टोपली अडकवली की हमाल काट्याकडे बघतात आणि वाटाड्या हमालाच्या तोंडाकडे बघतो. त्या सकाळी वाटाड्याने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या टोपलीतून तांदळाची पिशवी काढून बंबच्या टोपलीत टाकली.

"हे काय भावोजी?" ती म्हणाली. "माझी पाठ काय उसनी आणलीय?"

"पाठ तुमचीच आहे वहिनी. पण या खेपेला पाठीपेक्षा डोळ्यांना काम जास्त आहे. बाईंवर लक्ष ठेवायचंय."

"वा! लक्ष त्यांनी ठेवायचं आणि तांदूळ मी वाहायचे," बंब म्हणाला. स्टोव्ह, रॉकेल आणि पातेली वाहणारा हा माणूस, शिवाय तोंडातून दिवसभर धूर सोडणारा, म्हणून त्याला सगळे बंब म्हणत. तो कुरकुर करायचा, पण ओझं उचलल्यावर. आधी कधी नाही.

वाटाड्या तिचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणतो म्हणून डोंगरावरचे सगळेच तिला वहिनी म्हणत, तिच्या बापाच्या वयाचे हमालसुद्धा. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचा गुडघा गेला आणि टोपली पेलणारा कपाळावरचा पट्टा त्याच्या कपाळावरून हिच्या कपाळावर आला. आता तो खालीच बसून सगळ्यांचे पट्टे शिवायचा. आजही दाभण दातात धरून तो तिच्या पट्ट्याची शिवण ओढून बघत होता.

"नवीन दोरा घातलाय," तो म्हणाला. "दोन माणसं लटकली तरी तुटायचा नाही."

"दोन कशाला? एकाचंच निभावू दे."

या हंगामात कामाची बोंबच होती. थंडीत बर्फ इतकं पडलं की रस्त्यावरचा पूल वाकला आणि डोंगर चढायला येणारी मंडळी अर्ध्या वाटेवरूनच माघारी गेली. त्याच बर्फाने शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाचं छप्पर खाली बसवलं. वरच्या वस्त्यांमधल्या मुली दहावीनंतर तिथेच राहून शिकायच्या. वहिनीच्या पोरीला तिथे जागा मिळाली होती. तसं पत्र आलं होतं. पण छपराखालची जागा म्हणजे जागा. नुसत्या चार भिंतींत पोरी ठेवायला कुठलं सरकार परवानगी देतं? यंदा छप्पर नाही तर यंदा वसतिगृह नाही. आणि घरी बसलेल्या पोरीचं एक वर्ष म्हणजे काय असतं, ते वहिनीला चांगलं ठाऊक होतं. तिचं स्वतःचं एकच वर्ष जाणार होतं. ते काही परत आलं नाही.

म्हणून शाळेच्या मोठ्या बाई डोंगर चढायला निघाल्या होत्या. वय छप्पन्न. अंगाने भरलेल्या, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पोरगा झोपेतून उठून उभा राहील. शहरातल्या गिरणीवाल्याने चारचौघांत म्हटलं होतं, "बाई, तुम्ही स्वतः माथ्यावर उभ्या राहा, शाळेची पाटी हातात धरा, फोटो काढा. अख्खं छप्पर माझ्याकडून." बहुधा बाई चढणार नाहीत, याची त्याला खात्री असावी. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बूट विकत घेतले.

आज तोही निरोप द्यायला आला होता. "आणि अर्ध्यातून परत आले तर?" बाईंनी त्याला विचारलं.

"अर्ध्या डोंगराचं अर्धं छप्पर देता येत नाही हो बाई," तो हसत म्हणाला. सगळे हसले. बाईही हसल्या. वहिनीला मात्र हसू आलं नाही.

बाईंनी टोपलीकडे बघितलं. "हे सगळं माझं? आणि तू एकटी वाहणार?"

"सवय आहे बाई."

"मला कसंसंच होतंय ग. पाटी तरी मी घेते." शाळेचं नाव रंगवलेली पत्र्याची पाटी त्यांनी स्वतःच्या पाठीला बांधली. ती चालताना बुटाच्या तालावर खडखडत राहिली.

पोरगी कुंपणाशी उभी होती.  नुसती पाटीकडे बघत होती. वहिनीने पट्टा कपाळावर चढवला, मान ताठ केली आणि उठली.

*

पहिला दिवस बरा गेला. बाई पाढे म्हणत चढत होत्या. एका पावलाला एक शब्द.

"तेरा – एके – तेरा. तेरा – दुणे – सव्वीस."

मागून वहिनी चालत होती. ज्याचं ओझं त्याच्या मागे दहा पावलांवर चालायचं, हा इथला नेम. ओझंवाल्याने आपल्या माणसाची टाच नजरेआड होऊ द्यायची नाही. पाढे वहिनीला पाठ होते. ती शाळेत गेली ती दोनच वर्षं, पण पोरीने लहानपणी चुलीपुढे बसून म्हटलेले सगळे पाढे तिच्या कानात बसले होते.

"तुझी मुलगी भूमितीत पक्की आहे," बाई थांबून म्हणाल्या. "तिची वही बघितलीय मी. रेघ मारते ती कशी, सुरीने कापल्यासारखी. तिला खिडकीजवळची खाट देणार आहे."

"खिडकी नसली तरी चालेल बाई."

"तुला चालेल ग. मला नाही चालणार."

संध्याकाळी पहिल्या तळावर तंबू लागले. वाटाड्या वहिनीपाशी येऊन उकिडवा बसला. तळावर पोचल्यावर तो चढणाऱ्याला काही विचारत नसे, त्याच्या हमालाला विचारी. चढणारी माणसं पैसे भरून, फोटो ठरवून, शपथा घेऊन आलेली असतात, त्यांना विचारून काय उपयोग, असं त्याचं म्हणणं होतं. हे त्याला वहिनीच्या नवऱ्यानेच शिकवलेलं.

"जेवल्या?"

"जेवल्या. भात दोनदा घेतला."

"लघवी?"

"दोनदा. पिवळी नाही."

"डोकं?"

"दुखत नाही म्हणतात. मी कपाळ बघितलं, आठ्या नव्हत्या."

वाटाड्याने मान हलवली आणि उठला. वहिनीने बूट काढून पाय शेकले. त्या दिवशी तिला गाढ झोप लागली.

*

दुसऱ्या दिवशी झाडं संपली. वारा समोरून यायला लागला आणि दगडांवर बर्फाचे पापुद्रे दिसू लागले. बाईंचा पाढा लांबला. आता एका शब्दाला दोन पावलं आणि पासष्टनंतर मोठा थांबा. दुपारी एका खडकाआड बाई वळल्या आणि वहिनीने टोपली टेकूच्या काठीवर टेकवून तोंड दुसरीकडे केलं. कानाने मात्र ऐकलं. बाईंना उलटी झाली होती.

बाईंनी बुटाने त्यावर खडी लोटली. तोंड पुसलं. वहिनीकडे बघितलं.

"बिस्किटं जुनी होती," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

तळावर बंबने भात, बटाटे आणि गरम सूप केलं. बाईंची ताटली वहिनीनेच तंबूत नेली. बाई पाठ टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. वासानेच त्यांनी मान फिरवली.

"हे तू खाऊन टाक."

"बाई, दोन घास तरी..."

"मी खाल्लं तर बाहेर येईल, आणि बाहेर आलं तर तो तुझा दीर मला उद्या सकाळी खाली पाठवेल. मग काय करणार तू? पोरीला ताणकाट्यापुढे उभी करणार?" बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्याची चोरी पकडल्यावर बोलतात तशा शांतपणे त्या बोलत होत्या. "खा. रिकामी ताटली बाहेर गेली पाहिजे."

वहिनी तंबूच्या दाराशी वाकून बसली आणि दुसऱ्याच्या ताटलीतलं भराभर खाल्लं. पोटात भूक होती, अन्न चांगलं होतं, आणि तरी तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी शरम वाटली. 

बाहेर वाटाड्या उकिडवा बसला होता.

"जेवल्या?"

"जेवल्या."

"सगळं?"

तिने रिकामी ताटली पुढे केली.

"लघवी? डोकं?"

"सगळं ठीक आहे."

"वा," वाटाड्या म्हणाला. "मला धाकधूक होती हो वहिनी. या वयाचं माणूस. पण तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे." आणि तो खरोखरच निवांतपणे उठून गेला. त्याने तिला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

*

तिसऱ्या दिवशी शेवटचा तळ. हमालांची हद्द इथपर्यंतच. इथून वर चढणारा आणि वाटाड्या, दोघंच. आठ वर्षांत वहिनी माथ्यावर कधी गेली नव्हती, आणि जावंसं तिला वाटलंही नव्हतं. वर नेण्यासारखं काही ओझंच नसायचं, मग जायचं कशाला?

त्या दिवशी बाईंनी पाढे मनातल्या मनात म्हटले. निदान ओठ तरी हलत होते. त्यांचा चेहरा सुजला होता, डोळे बारीक झाले होते. वाटाड्याला तो दिसू नये म्हणून त्यांनी कानटोपी खाली ओढली, वर काळा चष्मा चढवला आणि गळपट्टा नाकापर्यंत घेतला. थंडीत सगळेच तसं करतात.

दुपारी बाई तंबूत आडव्या झाल्या. वहिनी त्यांचे मोजे बदलायला गेली आणि हात तसाच थांबला. बाईंच्या छातीतून आवाज येत होता. नळात पाण्याआधी हवा येते तसा, बारीक गुरगुर करणारा. नवऱ्याने तिला हा आवाज तोंडाने काढून दाखवला होता. पाच वर्षांपूर्वी एक धट्टाकट्टा तरुण असाच वाजत वर गेला. बुटाची नाडी बांधायला म्हणून बसला तो उठलाच नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली. "छातीत वाजतंय तुमच्या."

"खोकला आहे."

"हा खोकला नाही बाई."

बाईंनी डोळे उघडले. तिचं मनगट पकडलं. पकडीत जोर नव्हता, पण सुटूही देत नव्हत्या. "बत्तीस मुली आहेत. तुझी एकटी नाही. बत्तीस. मी त्यांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून दाखवू? उद्या दुपारपर्यंत मी खाली येते. उद्या दुपारपर्यंत. एवढंच गप्प बस."

वहिनी बाहेर आली. तळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पाण्याचा डबा भरला, भरलेला ओतून पुन्हा भरला. बंब म्हणाला, "वहिनी, एका जागी बसा की. तुम्हाला बघून माझं पातेलं फिरायला लागलंय." ती बसली आणि लगेच उठली.  एकदा वाटे, जाऊन सांगावं. लगेच पोरगी दिसे, कुंपणाला धरून पाटीकडे बघणारी. सांगावं, नको, सांगावं. आणि मग वाटाड्या समोर येऊन बसला आणि तिने तिन्ही प्रश्नांना कालच्यासारखीच उत्तरं दिली.

चौथ्या दिवशी फटफटताना, निघायच्या आधी, त्याने शेवटचं विचारलं. बाई पाटी पाठीला बांधून उभ्या होत्या, काठीवर रेलून.

"वहिनी, नेऊ ना?"

बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. वर माथ्याकडे बघत होत्या.

"न्या," वहिनी म्हणाली.

*

दोघं वर लहान लहान होत गेली. पाटीवर ऊन पडलं की एक चमक दिसायची, मग तीही दिसेना. वहिनीने भांडी घासली. मग घासलेली पुन्हा घासली. बर्फ वितळायला ठेवलं. तंबूत जाऊन बाईंचं अंथरूण गुंडाळायला लागली. उशीशी घडी करून ठेवलेला बाईंचा रुमाल होता. उचलला तर आत गुलाबी फेस वाळलेला.

ती रुमाल हातात धरून बाहेर आली. "बंब, मी वर जाते."

"वर? वर कुठे? अहो, आपली हद्द..."

तिने पुढचं ऐकलं नाही. दोर आणि पट्टा कमरेला होताच, हमाल तो झोपतानासुद्धा सोडत नाही. ती निघाली. आणि पहिल्या शंभर पावलांतच दोनदा तोंडावर आपटली. आठ वर्षं ती या डोंगरावर ओझ्याशिवाय चढलीच नव्हती. पाठीला मागे ओढणारं काही नव्हतं, त्यामुळे अंग पुढेच झुकत होतं. मान सवयीने ताठ होत होती, पण कपाळाला टेकायला पट्टा नव्हता. वारा तिला उचलून नेईल असं वाटत होतं. शेवटी ती हातापायांवर, गुरासारखी चढायला लागली. छाती फुटायला आली होती. आणि एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही हे ठाऊक असूनही तो नळाचा आवाज तिच्या कानात सारखा वाजत होता.

शेवटच्या चढाच्या पायथ्याशी ती दोघं होती. बाई बर्फात बसलेल्या. वाटाड्या त्यांच्यापुढे वाकून काहीतरी विचारत होता. वर माथा अगदी समोर, इतका जवळ की दगड मोजता यावेत.

"तेरा चोक," बाई म्हणत होत्या. "तेरा चोक... तेरा चोक एकोणचाळीस." मग पुन्हा पहिल्यापासून. "तेरा एके तेरा." आणि पुन्हा तिथेच येऊन एकोणचाळीस.

पस्तीस वर्षं पाढे शिकवलेल्या बाईंना तेराचा पाढा येत नव्हता. 

वाटाड्याने तिला बघितलं आणि तो चकितच झाला. "तुम्ही इथे? त्या थकल्यात म्हणतात. जरा बसल्या की चढतील. तासाभराचा तर..."

"भावोजी, मी खोटं बोलले." तिला धाप लागली होती. शब्द तुटत होते. "परवापासून. जेवल्या नाहीत. मी खाल्लं त्यांचं. उलट्या होतात. छाती वाजते. हे बघा." तिने रुमाल पुढे केला.

वाटाड्याने रुमाल बघितला. बाईंचा गळपट्टा खाली ओढला. ओठ जांभळे होते. 

"मी सकाळी तुम्हाला विचारलं होतं वहिनी," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही न्या म्हणालात."

"हो."

मग त्याने घाई केली. बाईंच्या पाठीवरची पाटी सोडून खाली ठेवली. बाई जाग्या झाल्यासारख्या बोलल्या, "पाटी का काढलीस? फोटो वर काढायचाय."

"खाली जायचंय बाई."

"तासभर! समोर तर आहे! मला ओढत ने, मी काही म्हणणार नाही." त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि एका कुशीवर पडल्या. तेव्हा त्यांना वहिनी दिसली. "तू सांगितलंस?"

"हो बाई."

"तुझ्या मुलीची जागा गेली. कळतंय तुला?"

"कळतंय."

"नाही कळत तुला! कळलं असतं तर खाली बसली असतीस गप्प!"

वाटाड्याने दोराचा फास केला. दोर मांड्यांत रुतू नये म्हणून बाईंच्या खाली पाटीच ठेवली, शाळेचं नाव वर करून. वहिनी पाठ करून खाली बसली, पट्टा कपाळावर घेतला. "मी घेतो आधी," तो म्हणाला. "तुम्ही मागून बाईंचा दोर धरा, भावोजी," ती म्हणाली. "घसरले तर एकटी मीच घसरेन असं बघा." आणि ती उठली. एवढं वजन तिने आजवर कधी घेतलं नव्हतं.  खरं सांगायचं तर पाठीला वजन लागल्यावरच तिला नीट उभं राहता आलं.

बाईंनी पहिला अर्धा तास तिच्या खांद्यांवर मुठी मारल्या. मुठीत जीव नव्हता. "उतरव मला. बत्तीस मुली. उतरव." मग मुठी थांबल्या आणि नुसती गुरगुर उरली, अगदी कानाशी. ती थांबली तर काय करायचं, या विचाराने वहिनी पावलं टाकत होती. दोघांनी पाळीपाळीने बाईंना शेवटच्या तळावर आणलं. तिथून बंबही पाळीला लागला. त्या दिवशी त्याने एकदाही कुरकुर केली नाही.

*

खालच्या दवाखान्यात बाईंना नाकाला नळी लावून निजवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर वर असत्या तर मी नुसता कागद लिहिला असता. हे त्यांनी वाटाड्याला सांगितलं. वहिनी दाराबाहेर बाकावर बसली होती, तिला ऐकू आलं.

गिरणीवाला येऊन गेला. त्याने सफरचंदं आणली, चार चांगले शब्द बोलला, बाईंच्या हिमतीची स्तुती केली. छपराचं नाव काढलं नाही. बाईंनीच काढलं. तेव्हा तो म्हणाला, "तुमची तब्येत महत्त्वाची बाई, बाकी सगळं नंतर," आणि घड्याळ बघत उठला.

तो गेल्यावर बाईंनी वहिनीला आत बोलावलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, बसली नाही.

"मी पुढच्या वर्षी पुन्हा चढणार आहे," बाई म्हणाल्या. आवाज कागद फाटल्यासारखा येत होता. "पण ओझ्याला तू नकोस. तू चहाड्या करतेस."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. "बाई, शाळा सुरू होईपर्यंत काहीच नाही होणार?"

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "यंदा नाही," त्या म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या. वहिनीने त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. शाळेत तर कुणीच बघितलं नसेल.

बाहेर वाटाड्या उभा होता. तो तिच्याकडे न बघता बोलला. "वहिनी, मी तुमचं नाव यादीतून काढलंय. या हंगामाचं आणि पुढचंही."

"बरं."

"दादाला मी काय तोंड दाखवू? त्यानेच मला शिकवलं, हमालाला विचार म्हणून. आता मी कुणाला विचारू?" त्याचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं त्याच्या खांद्यावर हात ठेवावा, पण तो हक्क आता आपल्याला आहे का, हे तिला कळेना. ती घरी निघाली.

*

घरी नवरा दाराशी पट्टा शिवत बसला होता. पोरगी आत होती. बातमी आधीच पोचली होती, तरी वहिनीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. बिस्किटं, ताटली, रुमाल, माथा. काही लपवलं नाही. नाव काढल्याचं सांगितलं तेव्हा नवऱ्याने दाभण खाली ठेवलं.

"बरोबर केलं त्याने," तो म्हणाला. "मी असतो तर मीही काढलं असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. "किती राहिलं होतं वर जायला?"

"तासभर."

"तासभरच?"

"काका तसं म्हणाले."

पोरीचा चेहरा लाल झाला. "दोन दिवस खोटं बोललीस ना? माझ्यासाठीच बोललीस ना? मग आणखी एक तास गप्प बसता आलं नाही तुला?"

"ए!" नवरा गुडघा धरून उठायला लागला.

"बसा हो," वहिनी म्हणाली. "बोलू दे तिला. मी येताना वाटभर स्वतःला तेच विचारत होते."

"मग?"

"मग काय? नाही बसता आलं."

"बाई मेल्या असत्या म्हणून?"

"हो."

"कदाचित नसत्या मेल्या! कदाचित वर पोचून, फोटो काढून..."

"कदाचित," वहिनी म्हणाली.  पोरीला समजेल असं काही बोलावं म्हणून तिने डोकं खाजवलं, पण आठवत होती ती फक्त कानाशी चाललेली गुरगुर, आणि ती कुणाला सांगून कळण्यासारखी नव्हती. पोरगी दार आपटून मागच्या अंगणात गेली.

वहिनीने अंगातलं जॅकेट काढलं. आतला सदरा पाठीला चिकटला होता. ओढला तर चामडीसकट यायला लागला, म्हणून ती तशीच भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. नवरा पाणी तापवायला लंगडत गेला. 

मग मागे पावलं वाजली. पोरगी आत आली होती. तिने कोमट पाण्यात फडकं बुडवलं आणि आईच्या पाठीवरचा सदरा भिजवून भिजवून सोडवायला लागली. खांद्यांवर दोराने दोन खोल पन्हळी पाडल्या होत्या. त्यांच्या कडेने मुठींचे काळेनिळे डाग होते. पोरीचा हात त्यांच्यावर थांबला.

"हे काय?"

"बाईंनी मारलं. उतरव म्हणून."

 पोरीने तेलाची वाटी जवळ ओढली. बोटाने हळूहळू लावत राहिली. तिचा श्वास आईच्या मानेवर लागत होता, आणि त्यात मधूनमधून हुंदका अडकत होता.

"मी अजून रागावलेलीच आहे," ती म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. "पण जरा वर लाव. तिथे जास्त सोललंय."